किलोमीटर काय मोजता? मिनिटे मोजा!



विजेच्या मोटारगाडीच्या जाहिरातीत पहिला आकडा असतो किलोमीटरचा. 2020 साली आलेल्या टाटांच्या नेक्सॉनची बॅटरी 30 युनिटांची होती, दाखला 312 किलोमीटरचा. 2024 साली महिंद्रांनी 'बीई 6' दाखवली. तिची मोठी बॅटरी 79 युनिटांची, दाखला 680 किलोमीटरच्या वर! हे दाखले चाचणीतले. खड्डे, चढ आणि एसी यांनी त्यातले बरेच गळून जातात. तरी गिऱ्हाईक आकड्याला भुलते आणि बॅटरी फुगत जाते.

जरा हिशेब मांडू. मध्यम गाडी एका युनिटात सहाएक किलोमीटर जाते. तालुका, बाजार समिती, दवाखाना मिळून दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात. म्हणजे दहा-बारा युनिट. ती घरच्या जोडणीवर चार तासांत भरतात. मग 79 युनिटांची बॅटरी कशाला? वर्षातून चार वेळा पुण्या-मुंबईला जायचे म्हणून. त्या चार फेऱ्यांसाठी वर्षभर ओझे वाहायचे आणि कर्जाचे व्याज भरायचे! कालव्याला पाणी सुटत नाही, म्हणून प्रत्येकाने आपापली विहीर खणायची, तसलाच हा प्रकार.

उलट जलद चार्जिंगचे पाहा. 30 किलोवॅटचे यंत्र मिनिटाला तीन किलोमीटरची वीज भरते, 60 किलोवॅटचे सहा. चहा-भज्यांच्या वीस मिनिटांत 120 किलोमीटर! बॅटरी ऐंशी टक्क्यांवर गेली की भरण्याचा वेग मंदावतो, तेव्हा तिथेच उठावे. एकच यंत्र दिवसभरात अनेकांच्या कामी येते. जास्तीच्या बॅटरीचा खर्च मात्र ज्याच्या त्याच्या बोडक्यावर.

कोणी म्हणेल, लाइन गेली म्हणजे? मोठी बॅटरी असली तर माणूस घरी तरी पोचतो. शंका रास्त आहे. पण बंद यंत्रावर इलाज चालू यंत्र हा आहे. एका ठिकाणी दोन यंत्रे ठेवा आणि ती चालू राहतील एवढे पाहा. वीज कंपनीच्या गैरसोयीचा दंड गिऱ्हाइकाने बॅटरीच्या किमतीत का भरावा?

खरी मेख पुढेच आहे. 180 किलोवॅटचे यंत्र म्हणजे पाच हॉर्सपॉवरचे 48 पंप एकदम सुरू! गावची 100 केव्हीएची डीपी त्यापुढे टिकणार नाही. महामार्गावरच्या गाड्या वीस मिनिटांत भरून निघाव्यात आणि आमच्या पंपांचे व्होल्टेज पडावे, हे चालणार नाही. जलद चार्जिंगला आमचा विरोध नाही. पण त्याला लाइन स्वतंत्र हवी आणि डीपीही स्वतंत्र हवी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चार्जिंगचा धंदा करायला विजेचा परवाना लागत नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने 2018 सालीच स्पष्ट केले आहे. ज्याचे रान रस्त्याला लागून आहे, त्याने हा धंदा का करू नये? अडते ते जोडणीपाशी.

तेव्हा गाडी घेताना विक्रेत्याला विचारा, वीस टक्क्यांवरून ऐंशीवर जायला किती मिनिटे लागतात? आणि वीज कंपनीला विचारा, तालुक्याच्या गावी जलद यंत्राला वेगळी लाइन कोणत्या तारखेला देता? उत्तर लेखी घ्या.