जुन्या यंत्रावरील निष्ठा

मनुष्यास आपल्या जुन्या साधनाचा लळा लागतो, यांत नवल नाहीं. सुताराला आपला रंधा व लेखकाला आपली लेखणी बदलणें जिवावर येतें. हल्लीं हीच गोष्ट संगणकाच्या बाबतींत दिसून येते. संगणकाचें सर्व काम ज्या मूळ व्यवस्थेवर चालतें, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. नवी सिस्टीम आली कीं जुनी टाकावी, असा जगाचा प्रघात. परंतु २००१ सालीं निघालेली विंडोज एक्सपी न सोडणारे छापखानेवाले अद्यापि आढळतात. आपल्या मेहकरासारख्या तालुक्याच्या गांवीं लग्नपत्रिका व पावतीपुस्तकें छापणाऱ्या एखाद्या दुकानांत असा संगणक दिसला, तर तरुण मंडळी हंसतात. हें हंसणें कितपत योग्य, याचा येथें विचार करूं.

या निष्ठेस आळस म्हणणें अन्यायाचें होईल. मराठी छपाईचें काम वर्षानुवर्षें पेजमेकर हा कार्यक्रम आणि पुण्यास तयार झालेल्या श्री-लिपीसारखे फाँट यांवर चालत आलें. पेजमेकरची सातवी व शेवटची मोठी आवृत्ति २००१ सालचीच. तिच्या जागीं आलेल्या इनडिझाइनमध्यें भारतीय लिप्यांची बरीशी सोय होण्यास २०१२ साल उजाडलें. मग ज्याचें पोट या कामावर, त्यानें चालतें यंत्र टाकून मराठी नीट न जुळविणारें यंत्र कां घ्यावें? शिवाय खर्चाचाहि विचार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची डागडुजी बंद झाली, आणि विंडोज ११ तर पुष्कळ जुन्या संगणकांस स्वीकारीतच नाहीं. धडधाकट यंत्र दुसऱ्याच्या हुकुमानें अडगळींत टाकावयास जो तयार होत नाहीं, तो काटकसरी गृहस्थ होय. त्यास मागासलेला म्हणूं नये.

परंतु निष्ठेसहि मर्यादा असते. ८ एप्रिल २०१४ रोजीं एक्सपीची सर्वसाधारण डागडुजी थांबली. तेव्हां असें यंत्र इंटरनेटला जोडणें म्हणजे दार उघडें टाकून निजणें होय. याहून मोठी अडचण अक्षरांची आहे. जुन्या फाँटांत मराठी अक्षरें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत. संगणकाच्या स्मरणांत ‘क’ नसतोच. तेथें परक्या अक्षराचा क्रमांक असतो, आणि फाँट त्यास ‘क’चें रूप देतो. प्रत्येक फाँटाची मांडणीहि निराळी. फाँट नाहींसा झाला, कीं मजकुराच्या जागीं अर्थहीन इंग्रजी अक्षरें उरतात. उलट १९९१ पासून प्रसिद्ध झालेल्या युनिकोड पद्धतींत प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, तो मेहकरांत तोच आणि मुंबईंतहि तोच.

आपल्या भाषेवर असा प्रसंग पूर्वीं येऊन गेला आहे. मोडी ही शेंकडों वर्षें आपल्या कारभाराची लिपि होती. विसाव्या शतकांत ती मागें पडली आणि बाळबोध तेवढी उरली. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागद कोट्यवधि आहेत, परंतु वाचणारे थोडे. कित्येक घरांतून पणजोबांचें खरेदीखत पेटींत असतें, आणि पणतूस त्यांतील एक ओळ लागत नाहीं. तरी तो कागद डोळ्यांस दिसतो, शिकून वाचतां येतो. बंद पडलेल्या संगणकांतील मजकूर तर दिसतहि नाहीं. ज्या २०१४ सालीं एक्सपीची डागडुजी संपली, त्याच सालीं युनिकोडमध्यें मोडीस स्थान मिळालें. जुन्या वस्तूचें प्रेम आणि नवी सामायिक व्यवस्था यांत वैर नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें.

म्हणून आमचें मत असें कीं, जुनें यंत्र खुशाल ठेवावें, पण आपलें लेखन त्यांत कोंडून ठेवूं नये. खुद्द एक्सपीमध्येंहि भारतीय लिप्यांची सोय चालू करून युनिकोडांत मराठी लिहितां येतें. तेव्हां दोष सर्वस्वीं यंत्राच्या माथीं मारतां येत नाहीं. जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडांत उतरविणारे कार्यक्रमहि मिळतात. मात्र उतरविलेला मजकूर जाणत्यानें एकवार डोळ्यांखालून घातला पाहिजे, कारण जोडाक्षरें व वेलांट्या कधीं कधीं बिघडतात.

विद्यार्थिमित्रहो, येथें तुमचें काम आहे. घरीं किंवा ओळखीच्या छापखान्यांत असें यंत्र असेल, तर त्यास हंसण्याऐवजीं सुटींतील चार दिवस त्याच्यापाशीं बसा. संस्थेचें इतिवृत्त, आजोबांच्या आठवणी, गांवची माहिती, जें असेल तें यंत्र सुरू होत आहे तोंवर उतरवून घ्या. पालकांनींहि जुना संगणक भंगारांत देण्यापूर्वीं त्याच्या पोटांत काय आहे, तें पाहून घ्यावें. निष्ठा पेटीवर असली तरी चालेल. पण पेटींतील ठेव्यावर ती अधिक असावी.