डॉक्टरांचा कागद म्हणजे निकाल नव्हे

लहान मुलाच्या अंगावर वळ दिसले किंवा हाड मोडलेले आढळले, की डॉक्टरांना शंका येते. ती यायलाच हवी. मार खाणारे तान्हे बाळ स्वतः काही सांगू शकत नाही. पण शंका म्हणजे निकाल नव्हे, असे आमचे ठाम मत आहे.

लंडनमधले एक प्रकरण पाहा. २००९ साली चार महिन्यांचे एक बाळ दगावले. मेंदूत रक्तस्राव झालेला, हाडे मोडलेली. तरुण आईबापांवर खुनाचा खटला भरला गेला. दरम्यान त्यांना मुलगी झाली, तीही त्यांच्यापासून दूर ठेवली. पुढे उघड झाले की बाळाला मुडदूस होता आणि आईच्या अंगातही ड जीवनसत्त्व कमी होते. २०११ मध्ये दोघे निर्दोष सुटले. तरीही मुलीचा प्रश्न कुटुंब न्यायालयात उरलाच. तिथे पुराव्याचे माप वेगळे असते; कोणती गोष्ट अधिक संभवनीय, एवढेच पाहतात. २०१२ मध्ये न्यायमूर्ती थीस यांनी तज्ज्ञांची मते, बाळाचा आजार आणि आईबापांची वागणूक एकत्र तोलली. इजा आईबापांनीच केली हे सिद्ध झाले नाही, असा निकाल दिला. मुलगी घरी आली.

हे आपल्याला का महत्त्वाचे? कारण आपल्याकडेही मुलाच्या ताब्याच्या भांडणात दवाखान्याचा कागद पुढे केला जातो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात, कलम १४ प्रमाणे, एरवी पुराव्यात न बसणारा अहवालही न्यायालय पाहू शकते. गरिबाला याचा फायदा आहे, पण धोकाही आहे. कोणताही कागद आत येऊ शकत असेल, तर तो तोलताना जास्त काळजी हवी. कलम १२ प्रमाणे न्यायालय वैद्यकीय तज्ज्ञाची मदत घेऊ शकते. ती मागावी.

आपल्या बाळांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास चुकीच्या वाचल्या जाऊ शकतात. सावळ्या बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर डाग असतात. ते माराचे वळ वाटतात. जन्माच्या वेळीच कागदावर त्यांची नोंद करून घ्या. दुसरे म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता. बोळांतल्या घरांत ऊन पोचत नाही, गरोदर बाईला ते मिळत नाही, आणि बाळाची हाडे कच्ची राहतात. हाड मोडले असेल तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रक्त गोठण्याची तपासणी झाली का, ते विचारा.

बाळ पडले, लागले, तर लगेच दवाखान्यात न्या. घडले तसेच सांगा. उशीर आणि बदलती हकिकत यांनी शंका वाढते. डिस्चार्ज कार्ड, लसीकरण कार्ड, एक्स-रे जपून ठेवा. मात्र घरात खरोखर कोणी मुलाला मारत असेल, तर गप्प बसू नका; १०९८ वर फोन करा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० पासून आपणही अनुसूचित जातीत आहोत. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

मूल सुरक्षित राहिले पाहिजे आणि निर्दोष आईपासून ते तुटताही कामा नये. दोन्ही साधायचे, तर न्यायालयाने एका कागदावर न थांबता सगळे पाहिले पाहिजे.