खिडकी कुणाची?

सिव्हिलवाल्या प्रत्येकाला डिझाइनच करायचं असतं. मोजणाऱ्याला कोण विचारतो? मेसमध्ये 'क्वांटिटी सर्व्हेअर' म्हटलं तर एकजण म्हणाला, "म्हणजे सिटी सर्व्हेवाला का रे?"

लंडनची सर्व्हेअर्सची संस्था १८६८ ची, आपली 'इन्स्टिट्यूशन ऑफ सर्व्हेअर्स' १९५० ची. लष्कराच्या एम.ई.एस.मध्ये तर सर्व्हेअर्सची वेगळी केडरच आहे. पण रत्नागिरीत चिऱ्याचं घर बांधणाऱ्याच्या बाजूने मोजायला कोण उभं राहतं? प्लास्टरचं बिल आलं की ठेकेदार खिडक्यांसकट भिंत मोजतो, मालक दोन्ही बाजूंनी खिडक्या वजा करतो. भांडण ठरलेलं! आय.एस. १२०० काय म्हणतं? ०.५ चौ.मी.पर्यंत वजावट नाही, त्यापुढे ३ चौ.मी.पर्यंत एकाच बाजूची. नेहमीची चार बाय चारची खिडकी यातच बसते. म्हणजे दोघेही निम्मे चूक. त्यात ब्रासचा घोळ वेगळाच: खडीचा १०० घनफूट, प्लास्टरचा १०० चौरस फूट!

म्हणून माझं मत असं, की सर्व्हेअर्सच्या संघटनेची धुरा येत्या वर्षी जो घेईल त्याने हारतुरे जरा कमी करावेत. तालुक्याच्या गावी मालक, गवंडी, ठेकेदारांना एकत्र बसवावं आणि मोजणीची पद्धत करारातच लिहायला लावावी. सोपं नाही हे. ठेकेदारांची बिलं बनवून पोट भरणारे सभासदच आधी कुरकुरतील. त्यांचा रोष पत्करायची तयारी नसेल तर अध्यक्ष व्हावंच कशाला?

टेप धरायला आम्ही पोरं येऊ. फक्त मेच्या आधी बोलवा, नंतर परीक्षा आणि पाऊस.