ऊर्जा स्वच्छ, संचालक मंडळ कुणाचं?

सौरऊर्जेला आमचा विरोध नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा आग्रह बाबासाहेबांनीच धरला होता. आमचा सवाल एवढाच आहे: या कंपन्यांच्या संचालक मंडळावर बसतं कोण?

देशातल्या आघाडीच्या १००० कंपन्यांच्या संचालकांचा अभ्यास २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. सुमारे ९३ टक्के संचालक तथाकथित उच्च जातींचे. अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के! स्वच्छ ऊर्जेचं भांडवल याच वर्तुळातून येतं.

आणि जमीन कुणाची जाते? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानंही सौर प्रकल्पांना दिली जातात. ही गायरानं भूमिहीन दलितांनी पिढ्यान्‌पिढ्या कसली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं त्यासाठी तुरुंगात गेली. योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे. गायरान कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही, मग त्याला काय? पोलीस बंदोबस्त?

प्रतिनिधित्व मागितलं की 'गुणवत्ता' आठवते. पण २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४९ ने ठराविक कंपन्यांवर महिला संचालक बंधनकारक केलीच ना? म्हणजे मंडळावर कोण असावं, हे कायदा ठरवू शकतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सार्वजनिक जमीन घेणाऱ्या प्रत्येक ऊर्जा कंपनीच्या संचालक मंडळावर अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा द्या. गायरान कसणाऱ्यांना आधी पट्टे द्या, मगच करार करा. जमीन आमची आणि सही त्यांची, हे चालणार नाही.

जय भीम!