विज्ञान आणि संसार : निरोप कोणाला ?

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची मोठी टांकी आहे. सायंकाळीं पंप सुरू करणें आणि टांकी भरतांच तो बंद करणें, हें काम आमच्या वृद्ध रखवालदाराकडे आहे. टांकी कितपत भरली हें पाहण्यासाठीं तो चार जिने चढतो, वर लोखंडी शिडीवरून झांकण उचलून आंत डोकावतो, आणि पुन्हां खालीं येतो. एखादे दिवशीं त्याला उशीर झाला कीं गच्चीवरून पाणी धो धो वाहूं लागतें आणि सारीं बिऱ्हाडें त्याच्यावर तोंडसुख घेतात. तो रोज चार जिने चढतो, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानींमनींही नसते.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. दिवाळीच्या सुटींत तो आमच्याकडे आला असतां हें पाणी वाहतांना त्यानें पाहिलें, आणि आठवड्याच्या आंत एक यंत्र सिद्ध केलें. टांकीच्या झांकणास आंतून एक लहानशी डबी बसविलेली असते. ती मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा ध्वनि पाण्याकडे सोडते आणि त्याचा प्रतिध्वनि परत येण्यास किती काळ लागला हें मोजते. पाणी डबीच्या खालीं एक मीटरवर असेल, तर ही येरझार सेकंदाच्या सुमारें सहा सहस्रांश भागांत पुरी होते. पाणी जसजसें वर चढतें, तसतसा हा काळ कमी होतो. त्यावरून पातळी कळते, आणि डबींतील चिप ती वायफायच्या द्वारें खालीं कळविते. अशी स्वस्त चिप चीनमधील एस्प्रेसिफ या कंपनीनें २०१४ सालीं बाजारांत आणली आणि तेव्हांपासून विद्यार्थ्यांच्याही आवाक्यांत हें काम आलें. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हें भारदस्त नांव केव्हिन ॲश्टन यांनीं १९९९ सालीं ज्या कल्पनेस दिलें, तिचें रहस्य बव्हंशीं एवढेंच आहे : वस्तूनें स्वतःची स्थिति मोजावी आणि ती दूरच्या कोणास तरी कळवावी.

हा निरोप आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या फोनवर येऊं लागला. टांकी भरली, पंप अद्याप चालू, उशीर सात मिनिटें ! सर्वांनीं भाच्याची पाठ थोपटली. माझ्या आईनें मात्र विचारलें, “अरे, हा निरोप जातो कोणाला ?”

“सेक्रेटरींना, आजी. ते लगेच रखवालदाराला फोन करतात.”

“आणि ते कचेरींत कामांत असले म्हणजे ?”

“मग तो पूर्वींप्रमाणें वर जाऊन पाहतो.”

“म्हणजे पाय त्याचेच झिजायचे, आणि चुका मात्र आतां मिनिटांनीं मोजल्या जायच्या !”

भाचा निरुत्तर झाला. मला वाटतें, त्या दिवशीं त्याच्या चार वर्षांच्या शिक्षणांत एका धड्याची भर पडली. त्यानें यंत्र तसेंच ठेविलें, केवळ निरोपाची दिशा बदलली. आतां पंपाच्या खोलीशीं एक हिरवा व एक तांबडा दिवा आहे आणि टांकी भरत आली कीं तेथें घंटा वाजते. उशिराची नोंद त्यानें काढून टाकली. पुढें रखवालदारानेंच सुचविलें, कीं खालच्या हौदांतलें पाणी संपलें तरी दिवा लागावा, कारण कोरडा चाललेला पंप जळतो. ही गोष्ट आम्हां शिकल्यासवरल्यांपैकीं एकाच्याही डोक्यांत आली नव्हती. ज्याचे पाय झिजतात त्याला कामाची जी माहिती असते, ती यंत्र करणारास त्याच्याचकडून मिळवावी लागते.

या प्रसंगानें मला आपल्या शेतकऱ्यांच्या पंपाची कथा आठवली. महाराष्ट्रांतील अनेक भागांत शेतीस वीज पाळीपाळीनें मिळते. कांहीं दिवस ती दिवसां असते, कांहीं दिवस रात्रीं. रात्रपाळी आली कीं शेतकऱ्यानें अंधारांत विहिरीपर्यंत जावयाचें, विंचूकाट्यांतून आणि ओल्या बांधांवरून. वीज नसली तर हात हालवीत परत यावयाचें. यावर गांवोगांवीं जो उपाय निघाला तो ‘ऑटो-स्विच’ : वीज आली कीं पंप आपोआप सुरू. शेतकरी घरीं झोंपूं शकला, हें खरें. पण पंप सुरू झाल्याचा निरोप कोणालाच जात नाहीं. पीक भिजून पाणी ओढ्याला लागलें तरी मोटर चालूच राहते, आणि वीज येतांच एका रोहित्रावरील सारे पंप एकदम सुरू झाल्यामुळें तें रोहित्रच जळण्याचा संभव असतो. म्हणूनच हे ऑटो-स्विच काढण्याविषयीं वीज-कंपनीला शेतकऱ्यांची वारंवार विनवणी करावी लागते.

याच अडचणीवर पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनीं वेगळा विचार केला. त्यांचे वृद्ध आजोबा पंपासाठीं रात्रींबेरात्रीं शेताकडे पायपीट करीत, हें त्यांनीं लहानपणीं पाहिलें होतें. त्यांतून ‘नॅनो गणेश’ हें उपकरण निर्माण झालें. स्टार्टरला जोडलेल्या या उपकरणास शेतकऱ्यानें आपल्या साध्या मोबाइलवरून फोन करावयाचा. वीज आहे कीं नाहीं, हें फोनवर ऐकूं येणाऱ्या नादावरून कळतें. मग ठराविक आंकडे दाबून पंप चालू अगर बंद करावयाचा. २००९ सालीं नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत या उपकरणास पारितोषिक मिळालें. ऑटो-स्विच शेतकऱ्याला वगळून काम करतो. येथें निर्णय शेतकऱ्याचाच राहतो आणि निरोपही त्यालाच मिळतो. दोहोंतील खरें अंतर हेंच आहे.

तथापि एवढ्यानें प्रश्न मिटला, असें समजणें भाबडेपणाचें होईल. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालींच दाखवून दिलें होतें, कीं वाफेचीं यंत्रें काटकसरीनें चालूं लागलीं म्हणून कोळशाचा खप कमी झाला नाहीं, उलट तो वाढला. जें सोपें होतें तें अधिक केलें जातें. अंथरुणांत पडल्यापडल्या पंप सुरू करतां आला तर तो अधिक वेळां सुरू होणार नाहीं कशावरून ? साऱ्या जगांत जमिनींतून उपसल्या जाणाऱ्या पाण्यापैकीं सुमारें चतुर्थांश पाणी एकटा भारत उपसतो. शेतकऱ्याला मोटर चालू असल्याचें कळतें, परंतु त्याच्या विहिरीखालचें पाणी किती उरलें आहे आणि शेजाऱ्यानें किती उपसलें, हा निरोप त्याला कोण देणार ?

त्याचें उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें दिलें आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं तेथें दरवर्षीं पावसाचें मोजमाप होऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडला जातो. पिण्याचें पाणी प्रथम राखून उरलेल्या पाण्यावर कोणतीं पिकें घ्यावयाचीं हें ठरतें, आणि शेतीसाठीं खोल विंधनविहिरी घेण्यास गांवानें स्वतःच बंदी घातली आहे. एकाच्या फोनवर येणारा निरोप त्याची पायपीट वांचवितो. साऱ्या गांवापुढें मांडलेला निरोप त्याचें पाणी वांचवितो. गांवोगांवच्या विहिरींत आमच्या भाच्याच्या डबीसारखीं उपकरणें बसवून हें मोजमाप रोज करतां येईल. तथापि ऐकावयास ग्रामसभाच नसेल, तर तीं उपकरणें आंकडे पुटपुटत राहतील, इतकेंच.

वाचकहो, आपल्या घरांतूनही आज हुशार मुलेंमुली असलीं यंत्रें करीत आहेत. कचऱ्याचा डबा भरल्याचें सांगणारें, हवेंतील धूळ मोजणारें, एकट्या राहणाऱ्या आजीनें औषध घेतलें कीं नाहीं हें कळविणारें. त्यांचें कौतुक अवश्य करावें, पण माझ्या आईचा प्रश्नही त्यांना विचारावा. कचऱ्याच्या डब्याचा निरोप झाडूवाल्या बाईचें ओझें हलकें करण्यासाठीं जातो, कीं तिचा पगार कापण्यासाठीं ? आजीच्या औषधाची आठवण आधीं आजीला होते, कीं आजीला न विचारतांच परदेशांतील मुलाला तिची चुगली होते ? यंत्र तेंच असतें. तें सोबती होणार कीं पहारेकरी, हें निरोप कोणाकडे जातो यावर ठरतें.

आमचा रखवालदार आतां सायंकाळीं पंपाच्या खोलीशीं खुर्ची टाकून बसतो. घंटा वाजली कीं उठून कळ फिरवितो. गेल्या कित्येक दिवसांत गच्चीवरून पाणी वाहिलेलें नाहीं, आणि चार जिने चढण्याची वेळही त्याच्यावर आलेली नाहीं.