लेकरं कुणापाशी ठेवायची?



हिवाळी अधिवेशनावरच्या मोर्चाची तयारी गावोगाव सुरू झाली आहे. कुणाचे दावे अडकले, कुणाचे परत आले, मोजणीवाला कोणत्या गावात फिरकलाच नाही, याच्या याद्या तालुका समित्यांकडे येऊ लागल्या आहेत. तांदूळ किती, डाळ किती, ट्रॅक्टर कुठवर आणि पुढे रेल्वे की ट्रक, हेही ठरतंय. पण मागच्या बैठकीत बायांनी एक प्रश्न काढला आणि तो तसाच राहिला. "तीन दिवस नागपूरला जायचं, तर लेकरं कुणापाशी ठेवायची?" कुणीतरी म्हणालं, "संगं घेऊन या, त्यात काय!" आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली.

हा विषय असा ओलांडून जाण्यासारखा नाही. म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावरच.

सीताबर्डीला जे जाऊन आले त्यांनी तिथलं गोवारी शहीद स्मारक पाहिलं आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधव आपली मागणी घेऊन अधिवेशनावर आले होते. हजारो माणसं होती, त्यात बाया आणि लेकरं फार. लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले. मेलेल्यांत बाया आणि लेकरंच जास्त होती. गोवारींना अनुसूचित जमातीत घ्यावं की नाही यावर आदिवासी संघटनांत वेगवेगळी मतं आहेत, त्यात आज शिरायचं कारण नाही. आपल्याला घ्यायचं ते एवढंच, की गर्दी एकदम मागं हटली तर आधी कडेवरचं लेकरू खाली जातं, आणि त्याला उचलायला आई वाकते.

तेव्हा यंदा हे पाळायचं. अंगावर पितं लेकरू आईसोबत येणारच, त्याला घरी ठेवा म्हणणं चूक आहे. पण अशा आयांनी मोर्चाच्या शेवटी, मोकळ्या बाजूनं चालायचं. टी पॉइंटला बांबू आणि जाळ्या लावलेल्या असतात, त्याच्या जवळपास एकही लेकरू दिसता कामा नये. घोषणा कितीही चढू द्या. प्रत्येक तालुक्यानं दोन बाया आणि एक जवान पोरगा फक्त लेकरांसाठी मोकळा ठेवावा, त्यांच्याकडे झेंडा-बॅनर द्यायचा नाही. मुक्कामाच्या जागी वेगळी ताडपत्री, उकळलेलं पाणी, जलसंजीवनीच्या पुड्या. प्रत्येक लेकराच्या दंडाला चिंधीत बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर गावाचं आणि मायबापाचं नाव. नागपूरची डिसेंबरची रात्र उघड्यावर काढायची म्हणजे गोधडी लागते, तीही घरून आणायची. तिथं कुणी देणार नाही.

हे झालं पित्या लेकरांचं. दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची पोरं गावातच राहिली पाहिजेत. आणि इथं खरी अडचण येते. बैठकीत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्या गावात अंगणवाडी रोज उघडते, सेविका आणि मदतनीस दोघी हजर असतात, त्या गावच्या बायांनी हा प्रश्न विचारलाच नाही. विचारला तो टोल्यांवरच्या, पोडांवरच्या, जंगलाच्या आतल्या वस्त्यांतल्या बायांनी. त्यांच्यासाठी हा तीन दिवसांचा प्रश्न नाही, बारा महिन्यांचा आहे.

मोहफुलं वेचायला बाई झुंजूमुंजू व्हायच्या आत जाते. तेंदूपानाला जाते. पावसाळ्यात रोवण्याला दिवसभर चिखलात असते. लेकरू कुणाकडे? म्हाताऱ्या सासूकडे, नाहीतर सात वर्षांच्या पोरीकडे. त्या पोरीची शाळा तिथंच सुटते. ती तरी काय करणार? सकाळची पेज पाजते, मग संध्याकाळी माय आल्यावर भात. लहान लेकराचं पोट मुठीएवढं, एका वेळी मावतंच थोडं, म्हणून त्याला दिवसातून चार-पाच वेळा भरवावं लागतं. घरात धान्य असूनही लेकरू वाळतं ते यामुळेही. धान्य नसणं ही एक उपासमार, आणि भरवायला माणूस नसणं ही दुसरी. या दुसरीचं नाव सरकारी कागदावर कुठंच नसतं, तिथं "अज्ञान" असं लिहितात. आमच्या बायांना म्हणे पोषण समजत नाही! समजतं बाबांनो, पण हात दोनच आहेत.

मग पावसाळ्यात हगवण येते, हिवताप येतो, छाती भरते. नाल्याला पूर असतो, आरोग्य केंद्र पलीकडे. धडधाकट लेकरू असतं तर निभावलं असतं, वाळलेलं निभावत नाही.

आता सरकारला विचारलं की ते म्हणतं, योजना आहे. आहे खरी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रात ती आधी जिथं आली त्यांत मेळघाटातलं धारणी होतं, कोरकूंचा मुलूख. म्हणजे अंगणवाडी काय असते हे मुंबई-पुण्याच्या बऱ्याच भागाआधी धारणीला कळलं. आणि १९९३ ला पेपरात मेळघाटच्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या त्यात हाच धारणी तालुका होता. मधली अठरा वर्षं योजना तिथं होतीच. त्यानंतर कोर्टकचेऱ्या झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले, १९९५ ला नवसंजीवन योजना आली. तरी पावसाळा आला की मेळघाटचं नाव पुन्हा पेपरात येतंच.

अठरा वर्षांत योजना का लागू पडली नाही, याचं एक उत्तर आपल्या लढ्यातच आहे. अंगणवाडी मोठ्या गावात असते. टोला दोन मैल लांब, मधे नाला. टोल्यावरच्या पोरांची नावं रजिस्टरात चढतात, आहार काही नाला ओलांडत नाही. टोल्यावरच अंगणवाडी द्या म्हटलं, तर म्हणतात इमारतीला जागा नाही, ही वनजमीन आहे. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानं वनजमिनीवर काहीही करायचं तर दिल्लीची परवानगी लागायची. एका खोलीसाठी दिल्लीला कोण जातो? खाण असली, धरण असलं तर जाणारे भेटतात. अंगणवाडीची फाईल तिथंच बसते. म्हणजे ज्या कारणानं आपल्याला जबरानजोतवाले म्हणून हाकललं, त्याच कारणानं आपल्या लेकरांना छप्पर मिळालं नाही.

हे कारण आता उरलेलं नाही, आणि आपल्यातल्या पुष्कळांना ते ठाऊक नाही. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून वाचा. आपण सगळे वैयक्तिक दाव्याच्या अर्जापाशी थांबलो, पुढं गेलो तर सामूहिक दाव्यापाशी. या कलमात तेरा कामं दिली आहेत: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, तळी, रस्ता वगैरे. या कामांसाठी वनजमीन द्यायला १९८० चा कायदा आडवा येत नाही, असं कलमातच लिहिलं आहे. अटी अशा, की एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. अंगणवाडीला तर दोन-चार गुंठे पुरे, झाड एकही न तोडता बसते. शिफारस ग्रामसभेची, म्हणजे आपली. पुढच्या वेळी कुणी साहेब "वनजमीन आहे" म्हणाला तर वाद घालू नका, ठराव पुढं ठेवा आणि पोच घ्या.

दुसरा कागद सुप्रीम कोर्टाचा. अन्नाच्या हक्काचा जो दावा २००१ ला सुरू झाला, त्यात १३ डिसेंबर २००६ ला निकाल झाला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिनं मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. वस्ती म्हटलं आहे, महसुली गाव म्हटलेलं नाही. टोला, पोड, ढाणा सगळे त्यात येतात. चाळीस भरत नसतील तरी निराश व्हायचं नाही. आदिवासी भागात ३०० लोकवस्तीला पूर्ण अंगणवाडी आणि १५० ला मिनी अंगणवाडी असा सरकारचाच निकष आहे.

तेव्हा सीताबर्डीला जाण्याआधी प्रत्येक टोल्यानं ग्रामसभा घ्यावी. सहा वर्षांखालच्या लेकरांची यादी करा, नाव, वय, मायबापाचं नाव. जागा दाखवा, तिचा नकाशा हातानं काढला तरी चालतो. ठरावात दोन गोष्टी एकत्र मागा, कलम ३(२) खाली जागा आणि कोर्टाच्या निकालाप्रमाणे अंगणवाडी. एक प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला, एक वनखात्याला, एक आपल्याकडे. तारीख आणि पोच महत्त्वाची, तीन महिने तिथून मोजायचे आहेत. बायांची सही-अंगठा आधी घ्या. लेकरं त्यांच्या कडेवर असतात, ठरावावर मात्र सगळे पुरुषच, असं आजवर पुष्कळदा झालं.

अंगणवाडी आली की काम संपत नाही, हे धारणीनं शिकवलंच आहे. २००९ च्या केंद्राच्या निकषानुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची, अति कुपोषिताला ८००, असं तेव्हा ठरलं होतं. ते पोटात जातं का हे बघायला बाहेरचा तपासनीस वर्षातून एकदा येणार, आपण तर रोज तिथंच आहोत. ठेकेदाराच्या पाकिटाबद्दल तर बोलायलाच नको, काही ठिकाणी ते कोंबड्यांनीही टाकलं. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २००४ लाच सांगितलं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, गावाच्या बचतगटांना, महिला मंडळांना काम द्या. मग आपल्या गटांनी मागायला काय हरकत? कोदो-कुटकी आपली, जवस आपलं, चारोळी, मोहफूल, तरोट्याची भाजी, पावसातल्या सात्या, नाल्याची मासळी. जंगलावरचा सामूहिक हक्क आपण मागतो तो यासाठीही. जंगल गेलं तेव्हा लेकराच्या ताटातून या सगळ्या वस्तू गेल्या आणि रेशनचा नुसता भात उरला.

सेविकेशी भांडण नको. ती बहुतेक आपलीच पोर किंवा सून. तिला तुटपुंजं मानधन, तेही महिनोन्‌महिने थकतं, वर दहा रजिस्टरं भरायची. अधिवेशनाच्या दिवसांत अंगणवाडीच्या बायांचे मोर्चे त्याच टी पॉइंटला येतात. आपला आणि त्यांचा दिवस एक आला तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. मात्र वजन दर महिन्याला होतं का, काटा चालतो का, हे ग्रामसभेनं विचारायचं. काटा बंद असताना रजिस्टरात वजन चढत असेल तर ते लेकराशी खोटं बोलणं आहे, मग सेविका आपली का असेना.

आपल्याकडचंही एक बोलावं लागेल. पोट फुगलं की लेकराच्या पोटाला डागण्या द्यायची रीत काही भागांत अजून आहे. भूमका-पुजाऱ्याचा मान ठेवून सांगतो, जडीबुटीची विद्या आपली ठेव आहे, तापलेलं लोखंड त्यात धरू नका. डागून लेकराचं दुखणं वाढतं, त्या जखमा आणि पिकतात. पहिल्या दुधाचा चीकही फेकू नका, जन्मल्यावर तासाभरात लेकराला छातीशी लावा, आणि सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्यांनी घरोघरी नवजात लेकरं सांभाळली, तर नवजातांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ ला हे जगाच्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. त्यातलं एक आपण उद्यापासून करू शकतो. खोकलणारं लेकरू शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराचा ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरला तर निमोनिया समजून त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. सेकंदाचा काटा असलेलं एक घड्याळ टोल्यावर पाहिजे, बस.

आणि एक वही. २००१ ला काही संस्थांनी मिळून राज्यातले बालमृत्यू मोजले, 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल काढला, त्यात दिसलं की खरे मृत्यू सरकारी आकड्याच्या कितीतरी पट आहेत. मेलेलं लेकरू कागदावर चढलंच नाही तर त्याचा जाब कुणाला विचारणार? म्हणून ग्रामसभेची स्वतःची वही ठेवायची. जन्म कधी, वजन किती, गेलं तर कधी गेलं, काय झालं होतं, गाडी मागितली होती का, आली का. दाव्याचे पुरावे आपण चाळीस-चाळीस वर्षांचे जपून ठेवले, दंडाच्या पावत्या मडक्यात ठेवल्या, तशी ही वही जपायची.

लेकरांच्या याद्या आणि ठरावाच्या प्रती मोर्चाच्या आठ दिवस आधी तालुका समितीकडे पोचवा. जमिनीच्या निवेदनासोबत त्या मंत्र्यांपुढे ठेवायच्या आहेत. कोणत्या टोल्याची यादी आली नाही ते पुढच्या अंकात छापू. आणि ज्या दोन बाया, एक पोरगा लेकरांसाठी नेमाल, त्यांची नावं यादीच्या मागल्या बाजूला लिहून पाठवा.