कोडला हात लावू नका!

परवा वारंगा फाट्याहून पुतण्याचा फोन आला. (नातेवाईकांना फाटा सांगायला नको. बाकी मंडळींनी नांदेड-हिंगोली रस्त्यानं जाताना तिथं थांबून खिचडी खाल्ली असेलच.)

"काका, मला नाही जमणार हे. लेखात होतं तसंच टाकलं, तरी एररच यायलाय. माझंच डोकं चालंना."

इंग्रजीची धास्ती म्हणून पोरानं पायथॉनवरचा मराठी लेख शोधून काढलेला. मी तो लेख उघडला. समजावून सांगायची हातोटी सुरेख, उदाहरणं आपल्या रोजच्या जगण्यातली. आणि कोड? त्याची पार वाट लागलेली.

सरळ अवतरणचिन्हांच्या जागी छापील पुस्तकातली, वळणदार आलेली. आपल्या डोळ्यांना ती जास्त छान दिसतात, पण पायथॉनच्या लेखी ती अनोळखी अक्षरं. ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागाही गायब. पायथॉनमध्ये कुठली ओळ कुठल्या अटीखाली येते ते त्या जागेवरूनच ठरतं. म्हणजे ती गेली की अर्थच गेला. पोराच्या डोक्यात काही बिघाड नव्हता. लेखकाचीही चूक नसावी, कारण इतकं नीट समजावणारा माणूस न चालणारा कोड पाठवणार नाही. बिघाड झाला तो लेख स्वीकारून छापणाऱ्या यंत्रणेत.

आणि माझं भांडण तिच्याशीच आहे. बाहेरून लेख मागवता ना? मग त्यातल्या कोडची जबाबदारी तुमची.

हे होतं कसं? वर्डमध्ये टंकताना सरळ चिन्हं आपोआप वळतात. वर्डप्रेसही दाखवताना ती वळवतं, पण 'प्री' आणि 'कोड' या खुणांमधला मजकूर मात्र सोडून देतं. म्हणजे सोय आहे, वापरायची तसदी कुणी घेत नाही. सी भाषेचं तर विचारूच नका. पहिल्याच ओळीत कोनी कंसात फाईलचं नाव असतं. संकेतस्थळाला ती एचटीएमएलची खूण वाटते, ते उडवून टाकतं आणि 'इन्क्लूड'पुढे नुसतं आकाश उरतं! आपल्याकडे याहून अस्सल देशी प्रकार आहे. लेख जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये येतो आणि कुणीतरी तो सबंधच्या सबंध परिवर्तकातून काढतो. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्याच जागा वापरतात, त्यामुळे मधला इंग्रजी कोडही अगम्य देवनागरी होऊन बाहेर पडतो. मुद्रितशोधनात तोही तपासून घेतला असेल तर देवच जाणे.

असं संकेतस्थळ चालवणारा एक मित्र म्हणतो, "सुरक्षेसाठी उडवावं लागतं रे." भीती खरी आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर सॅमी कामकर नावाच्या तरुणानं आपल्या पानात कोड घुसवला आणि एका दिवसाच्या आत तो दहा लाखांहून जास्त खात्यांवर पसरला. पण यावर उपाय उडवणं नाही, बदलून दाखवणं हा आहे. कोनी कंसाऐवजी त्याचा सांकेतिक पर्याय पाठवला की ब्राउझर कंस दाखवतो, आज्ञा म्हणून पाळत नाही. वाचकाला कोड दिसतो, कुणाचं काही बिघडत नाही. फक्त मूळ मजकूर साठवणीत जसाच्या तसा ठेवायचा आणि हा बदल दाखवताना, एकदाच करायचा. दोनदा केला तर वाचकाला कंसाऐवजी तो संकेतच दिसत बसतो. हे काही रॉकेट उडवणं नव्हे.

दुसरा शहाणपणा म्हणजे, "कोडचं चित्र टाका." मग फाट्यावरच्या पोरानं फोनवर बोटांनी मोठं करकरून एकेक अक्षर टंकायचं? शोधलं तरी ते सापडणार नाही. आणि अंध वाचकाचा पडदा-वाचक त्या चित्रातलं काय वाचणार?

इंग्रजीत एक लेख मोडका निघाला तर आणखी शंभर असतात. मराठीत बऱ्याचदा तो एकच असतो. त्यावर अडलेलं पोर दुसरा लेख शोधत नाही, स्वतःला मठ्ठ समजून उठून जातं. मला राग येतो तो याचा.

पुतण्याला मी कोड दुरुस्त करून साध्या मजकुराची फाईल पाठवली. चालला. तिकडून पहिला प्रश्न, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

संपादकांनाही कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय." दिसतंयच हो, चालवून बघा की! आता त्यांच्याच पानावरून उचललेला कोड आणि त्यावर आलेला एरर, दोन्ही जोडून परत लिहिलंय. बघू.